डोहाचा फोटो काढा, पत्ता मात्र टाकू नका



१ मे ला सकाळी दरवर्षीप्रमाणं डोहावर जाऊन आलो. यंदाचा, म्हणजे २०२५ चा फोटो वर टाकलाय. त्याच्याखाली २०१९ पासूनचे सगळे ओळीनं लावलेत. सगळ्यांत तोच दगड, तीच काठी अन् तोच काठ. वरवर बघणाऱ्याला वाटंल, एकच फोटो सात वेळा टाकलाय. पण काठीवर पाणी कुठवर आलंय ते नीट बघा अन् मग पुढचं वाचा.

डोह नेमका कुठं आहे ते मुद्दाम लिहिलेलं नाही. बालाघाटाच्या डोंगरात आहे, एवढंच. फोन करून विचारलं तरी सांगणार नाही. का ते खाली येतंच.

आमच्या गावापासून दीड तासाची चाल आहे. माळ संपला की घळ लागते. तिथून पुढं रस्ता नाही, मेंढरांनी पाडलेली वाट आहे. धावडा, सालई, हिवर, बोरी अन् मधी घाणेरीची जाळी. मे महिन्यात सगळं रान वाळून कोळ झालेलं असतं, अन् त्या घळीच्या कपारीत एका जागी हिरवं दिसतं. तिथं झरा आहे अन् झऱ्याखाली हा डोह. दोन बैलगाड्या शेजारी लावल्या तर मावतील, एवढाच. पण उन्हाळ्यात त्या बाजूच्या डोंगरात दुसरं पाणी नाही.

हे पाणी तिथं का येतं ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. आमचा डोंगर काळ्या दगडाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, त्याचे थर एकावर एक बसलेले. काही थर मांजऱ्या दगडाचे, भोकाभोकांचे अन् भेगा पडलेले. माळावर पडलेला पाऊस मुरमातून त्या थरात उतरतो. खाली कठीण पाषाण लागला की पाण्याला खाली वाट मिळत नाही. मग ते आडवं सरकतं अन् घळीच्या अंगाला जिथं थर उघडा पडलाय तिथं बाहेर येतं. म्हणजे डोहातलं पाणी हे आमच्या माळावरच्या रानांचंच पाणी आहे, मागच्या पावसाळ्यातलं. विहिरीत डोकावल्यावर आपण आपल्यापुरतं बघतो. डोहात डोकावलं की सगळ्या माळाच्या पोटात किती शिल्लक आहे ते दिसतं.

दुसरी गोष्ट जनावरांची. डोह भरलेला असला की रानडुकरं, तरस, कोल्हे, मोर, ससे वरच राहतात. डोह आटला की हीच जनावरं खाली उतरतात. उन्हाळी भुईमुगात एका रात्रीत डुकरांनी काय केलं ते ज्यानं सकाळी बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. म्हणून जंगलातलं पाणी जंगलाचं, आपला काय संबंध, असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याचं मला नवल वाटतं.

आता माझी चूक सांगतो.

२०१८ च्या अक्षय तृतीयेला मी पहिल्यांदा तिथं फोटो काढला. पोरानं नवा मोबाईल घेऊन दिलेला, त्याची हौस. फोटो चांगला आला. काळा कातळ, हिरवं पाणी, काठावर मोर. तेव्हा हे पान नवीनच होतं. मी गावाचं नाव टाकलं, घळीचं नाव टाकलं, गाडी कुठवर जाते अन् पुढं किती चालायचं तेही लिहिलं. लोकांनी तो फोटो एवढा फिरवला की लांबच्या पाहुण्यांनीसुद्धा मलाच पाठवला, बघा तुमच्या भागात काय जागा आहे म्हणून. मी खूश.

पंधरा दिवसांत रविवारच्या गाड्या सुरू झाल्या. पोरं डोहात उतरून साबणानं अंघोळी करायला लागली. बाटल्या, कुरकुऱ्याचे पुडे, चुलीचे तीन दगड अन् काळी राख. ते मी दोनदा गोणीत भरून आणलं. त्यानंतर जे दिसलं ते मात्र गोणीत भरता येण्यासारखं नव्हतं. पाण्याकडं येणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंनी वागर लावायचे खुंट ठोकलेले होते अन् काठावर मोराची पिसं पडली होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मोर मारणं मोठा गुन्हा आहे, हे शिकाऱ्यालाही माहीत असतं. त्याला माहीत नव्हतं ते एवढंच, की मे महिन्यात मोर पाण्याला कुठं येतो. ते मी सांगितलं, फोटोसकट.

त्या दिवशी डोहावर एक म्हातारे मेंढके भेटले. दरसाल त्यांची मेंढरं त्या अंगाला असतात. त्यांनी खुंट बघितले, माझ्याकडं बघितलं अन् म्हणाले, "पाव्हणं, पाण्याचा पत्ता तहानलेल्याला सांगायचा असतो. चावडीवर वरडून न्हाई सांगायचा."

मी घरी येऊन पोस्ट काढून टाकली. पण फिरलेला फोटो परत थोडाच येतो? तो अजून कुठं कुठं फिरतोय.

त्या सालचा पावसाळा हुकला. ऐन भाद्रपदात माळ उघडा पडला. पुढच्या उन्हाळ्यात, २०१९ ला, मराठवाड्यात काय अवस्था होती ते सगळ्यांना आठवत असेल. चारा छावण्या, टँकर. त्या उन्हाळ्यात गाड्या आल्या नाहीत, कारण बघायला काही राहिलंच नव्हतं. मी एकटाच गेलो. मनात होतं की आता फोटो काढायचाच नाही. पण तिथं उभा राहून मागच्या सालचा फोटो उघडला अन् एक गोष्ट लक्षात आली. एवढा फिरलेला फोटो, पण त्यावरून डोहात पाणी किती होतं हे सांगता येत नव्हतं. शेजारी मापाचं काहीच नाही. उभं कुठं राहून काढला ते आठवत नाही. नुसतं देखणं पाणी. ते चार फूट होतं का एक फूट, देव जाणे.

तेव्हा ठरवलं, फोटो काढायचा पण मोजायला काढायचा. बांबूच्या काठीवर इंच अन् फूट रंगवले. डोहाच्या तळाला एक खळगा आहे, त्यात काठी उभी करायची. समोरच्या कातळावर दोन पाय मावतील अशी एक जागा आहे, तिथूनच काढायचा. तारीख १ मे धरली. आधी अक्षय तृतीया धरणार होतो, पण तिथी मागंपुढं सरकते. २०१८ ला ती १८ एप्रिलला आली अन् २०१९ ला ७ मे ला. एवढ्या फरकात डोह निम्मा होतो. कृषी खात्यातल्या एका ओळखीच्या साहेबांनी हे दाखवून दिलं, त्यांचे आभार.

आता नोंद बघा. काठीवरचं पाणी असं:

२०१९ – ५ इंच
२०२० – २ फूट
२०२१ – ३ फूट १ इंच
२०२२ – ३ फूट
२०२३ – १ फूट १० इंच
२०२४ – ४ इंच
२०२५ – २ फूट ३ इंच

२०१९ चं अन् २०२४ चं कळतं. दोन्हीच्या आधीचा पावसाळा फसलेला. पण २०२३ चं काय? २०२१ चा पाऊस चांगला अन् २०२२ चाही चांगला. माझ्या वहीत दोन्ही सालांचा आकडा जवळपास सारखा आहे. मग एका सालात सव्वा फूट पाणी गेलं कुठं?

दोन फोटो शेजारी ठेवून मी लई वेळ बसलो. २०२२ च्या अन् २०२३ च्या मे च्या मधी माळावर नवीन काय झालं? उत्तर मला माहीत होतं. नोव्हेंबर २०२२ ला मी बोअर घेतली होती. ४२० फूट. डोहाच्या बरोबर वरच्या अंगाला माझी पट्टी आहे, तिथं.

भूजलातले एक जाणकार आहेत, त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी विचारलं, केसिंग किती टाकलं? म्हणलं, ३० फूट. ते म्हणाले, मग मांजऱ्याचा पाणी धरणारा थर बोअरमधी उघडाच राहिला. मोटार चालू असली तर ती पाणी ओढते हे झालंच. पण मोटार बंद असली तरी वरच्या थरातलं पाणी बोअरच्या भोकातून खाली, खोलातल्या भेगांत उतरत राहतं. जो पाषाण कोट्यवधी वर्षं पाणी अडवून ते डोहाकडं लावत होता, त्याला मी सहा इंचांचं भोक पाडलं होतं.

खरं सांगतो, त्या दिवशी वाटलं, फोटो काढत बसलोच नसतो तर बरं झालं असतं. माळावर एकट्या माझीच बोअर आहे असं नाही. आज तिथं नऊ आहेत. सव्वा फुटातलं माझं किती अन् बाकीच्यांचं किती, हे कोण सांगणार? पण दुसऱ्याकडं बोट दाखवायचं तर आधी आपली बोअर दिसते. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खालची विहीर खोल विहीर धरलीय अन् शेतीसाठी तशी घ्यायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडं चारशेच्या आत कुणी मशीन थांबवत नाही. मीही थांबवलं नाही.

अन् एवढं कळूनही २०२४ च्या उन्हाळ्यात मी मोटार चालवलीच. दीड एकर लिंबोणी डोळ्यांदेखत वाळायला लागली होती. डोहात चार इंच पाणी, अन् मी वर बोअर ओढतोय. तो फोटोही खाली आहे.

त्या सालच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय निघाला की पावसाळा सरला की डोहाला जेसीबी लावू. काठाचा कातळ फोडून खोल करू, म्हणजे पाणी जास्त साठंल. लोकांचा हेतू चांगला होता. जागा वनखात्याची, परवानगीशिवाय हात लावता येत नाही, ही गोष्ट वेगळी. पण मूळ मुद्दा असा की डोहाचा तळ म्हणजेच तो अडवणारा पाषाण. तो फोडला तर भोक पडलेल्या घागरीला मोठं तोंड केल्यासारखं होईल. मी मोबाईलमधले सहा फोटो सगळ्यांना दाखवले. म्हणलं, डोह उथळ झालेला नाही, तळ आहे तिथंच आहे, काठी त्याच खळग्यात उभी आहे. कमी झालंय ते वरून येणारं पाणी. अन् मग उभ्या सभेत सांगितलं की त्यातला एक वाटेकरी मी आहे.

काही जण हसले. एक जण म्हणाला, स्वतःची बोअर झाली, आता आम्हाला शहाणपण. त्याचंही चूक नाही. पण जेसीबीचा विषय त्या दिवशी मागं पडला. त्याऐवजी माळाच्या उतारावर समतल चर मारायचं बोलणं सुरू झालंय. सिक्कीममधे २००८ पासून धारा विकास म्हणून हेच करतायत. तिथं झऱ्याला हात लावत नाहीत, त्याच्या वरच्या उतारावर पाणी मुरवतात. आमच्याकडं अजून कागदावरच आहे. होईल तेव्हा खरं.

माझ्यापुरतं मी यंदा १ फेब्रुवारीपासून बोअरची मोटार बंद ठेवली. उन्हाळी भुईमूग अन् कडवळ केलं नाही. लिंबोणी शेततळ्यावर ड्रिपनं धरली. मालकीण म्हणाली, "फोटो बघून मोटार बंद केली, उद्या आरसा बघून जेवण बंद कराल." बोलणं तिचं बरोबर आहे, दोन म्हशींचा चारा विकत घ्यावा लागला. डोहात पाणी २ फूट ३ इंच भरलं. मागचा पाऊस चांगला होता, मग पूर्वीसारखं ३ फूट का नाही? बोअरचं भोक अजून तसंच आहे, म्हणून असेल. माळावरच्या बाकीच्या आठ चालू आहेत, म्हणूनही असेल. एका सालावरून निकाल लावायचा नाही. पुढच्या १ मे ला परत बघू.

आता एका तरुणाचा आक्षेप सांगतो, कारण तो मला महत्त्वाचा वाटतो. गावातलाच पोरगा आहे, शिकलेला. तो म्हणाला, "काका, पाण्याचा पत्ता लपवायचा ही भाषा आपल्याकडं चांगली नाही. १९२७ ला बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं ते कशामुळं? पाणी कुणाचं अन् कुणाला कळू द्यायचं, हे ठरवणारे तुम्ही कोण?"

त्याला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. विचार करून आता देतो. बाळा, डोहावर कुणालाही बंदी नाही. मेंढके येतात, सरपण नेणाऱ्या बाया येतात, वाट चुकलेला कुणीही येतो. गावात कुणीही येऊन विचारलं तर मी स्वतः घेऊन जाईन, जात विचारणार नाही अन् पातही. मी अडवतोय ते पाणी पिणाऱ्याला नाही. ज्याला पाणी नको, फक्त पाण्यावर येणारं जनावर पाहिजे, त्याला घरबसल्या पत्ता मिळू नये, एवढंच. तरी तुझं बोलणं लक्षात ठेवतो. कारण राखण करता करता मालकी कधी वाटायला लागते ते माणसाला कळत नाही.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी सालातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे अन् ऑक्टोबरात. वनखातं बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणात बसून जनावरं मोजतं. दोन्ही कामं चांगली. पण तुमच्या शिवाराच्या वर, डोंगराच्या कपारीत जो एक डोह आहे, त्याचं पाणी कोण मोजतं? तुम्ही नाही मोजलं तर कुणीच नाही. अन् त्याला खर्च एका काठीचा. शेतकऱ्यांनी करावं अन् शेतीच्या साहेब लोकांनी गावात गेल्यावर त्या नोंदी मागाव्यात, असं माझं मत आहे. माझ्या चुकांतून शिकलेलं खाली देतो:

१. जागा एकच ठेवा. उभं राहायच्या दगडावर खूण करा. मोबाईल आडवा धरा, झूम करू नका.
२. तारीख एकच ठेवा, इंग्रजी महिन्याची. तिथी धरू नका.
३. काठी दरवेळी त्याच खळग्यात उभी करा. काठी नसलेला फोटो नोंद म्हणून धरू नका.
४. ऊन पाण्यावर यायच्या आत काढा. दुपारी पाणी चकाकतं, पातळी दिसत नाही. पण पहाटे अन् दिवस मावळताना जाऊ नका, ती जनावरांची पाण्याला यायची वेळ असते. मी आठच्या सुमारास जातो अन् दहा मिनिटांत निघतो.
५. काठावरच्या चिखलातल्या पावलांचा फोटो काडेपेटी शेजारी ठेवून काढा. माप कळतं. जनावराच्या मागं जाऊ नका.
६. मोबाईलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. नाहीतर फोटोच्या आत जागेचा आकडा बसतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो आकडा निघून जातो, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसाच जातो. नावगाव लिहू नका. ओळखू येईल असा डोंगराचा सुळका, देऊळ फोटोत घेऊ नका.
७. पाणी कमी दिसलं की आधी स्वतःच्या शिवारात काय बदललं ते वहीत लिहा. बोअर, मोटार, पीक. दुसऱ्याचं मागून.

शेवटचा नियम सगळ्यात जड जातो, मलाही गेला.

म्हातारे मेंढके यंदा दिसले नाहीत. त्यांचा नातू मेंढरं घेऊन आला होता. म्हणाला, आजोबांना आता चालवत नाही. मी त्याला काठी दाखवली, आकडे कसे वाचायचे ते सांगितलं. पुढच्या १ मे ला मला जमलं नाही तर तो फोटो काढणार आहे. मोबाईल त्याच्याकडंही आहे. लोकेशन मी तिथंच बंद करून दिलं.